फ्रेंच भाषा नेमकी आली कुठून आणि फ्रान्सबाहेर इतक्या देशांत ती पोचली कशी?

मी पुण्यात बारा वर्षं फ्रेंच शिकवते. आकडे शिकवताना वर्ग हमखास ऐंशीपाशी अडतो, कारण फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ', चार वीस. मग मी विचारते, घरात आजी कधी 'चार विसा' म्हणायची का? दोन-तीन हात तरी वर होतात. विसांनी मोजायची ही रीत रोमन लोकांची नव्हे. ती त्यांच्याआधी आजच्या फ्रान्समध्ये राहणाऱ्या केल्टिक गॉल लोकांकडून आली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात.

याच गॉलांचा मुलूख ज्युलियस सीझरनं इ.स.पू. 58 ते 50 या काळात जिंकला. फ्रेंच उगवली ती तिथे आलेल्या शिपायांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बोली लॅटिनमधून. पुढे जर्मेनिक फ्रँक राज्यकर्ते झाले. देशाला नाव त्यांचं मिळालं, भाषा मात्र लॅटिनच्या वळणाचीच राहिली. 813 साली तूर नावाच्या शहरात भरलेल्या धर्मपरिषदेनं पाद्र्यांना लोकांच्या बोलीत प्रवचन करायला सांगितलं, म्हणजे तोवर लॅटिन सामान्य लोकांना कळेनाशी झाली होती.

मला सगळ्यात आवडतो तो 14 फेब्रुवारी 842 चा, स्ट्रासबुर्गचा प्रसंग. फ्रँक राजघराण्यातले दोन भाऊ, शार्ल आणि लुडविग, थोरल्या भावाविरुद्ध एकत्र आले होते. शपथ घेताना जर्मन मुलखाच्या लुडविगनं धाकट्याच्या सैन्याला कळावं म्हणून त्यांच्या बोलीत शपथ घेतली, आणि शार्लनं जर्मेनिक बोलीत. 'प्रो देओ आमुर', देवाच्या प्रेमाखातर, अशी सुरू होणारी लुडविगची शपथ हा फ्रेंचचा सर्वात जुना लेख मानला जातो.

1539 मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजानं न्यायालयाचे कागद फ्रेंचमध्ये करायचा हुकूम काढला. तरी 1794 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीतले पाद्री-पुढारी ग्रेग्वार यांनी आपल्या अहवालात लिहिलं, की किमान 60 लाख लोकांना फ्रेंच येतच नाही आणि शुद्ध बोलणारे 30 लाखांहून जास्त नाहीत. म्हणजे फ्रान्सलासुद्धा फ्रेंच शिकवावी लागली. ब्रिटनी प्रांतातल्या शाळेत तिथली ब्रेटन भाषा बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी बूट अडकवायचे. दुसरा कुणी बोलताना सापडला की तो त्याच्या गळ्यात जायचा, आणि संध्याकाळी ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. हे वाचताना मला अजूनही गलबलतं. पश्चिम आफ्रिकेतल्या वसाहतींच्या शाळांतही हाच प्रकार चालला.

कॅनडात फ्रेंच स्थायिक होणाऱ्यांबरोबर गेली. क्वेबेक 1608 चं. आफ्रिकेत ती राज्यकारभार आणि शाळा यांच्या जोरावर रुजली, आणि अनेक भाषा असलेल्या नव्या देशांनी स्वातंत्र्यानंतरही ती ठेवली. आज जगात 32 कोटींवर लोक फ्रेंच बोलतात आणि रोजच्या वापरात ती असणारे निम्म्याहून जास्त आफ्रिकेत आहेत. काँगोची राजधानी किन्शासा तर फ्रान्सच्या वसाहतीत कधीच नव्हती, बेल्जियमच्या होती, आणि तिथे फ्रेंच आली ती बेल्जियमकडून. आज ते पॅरिसहून मोठं आहे.

मॉरिशसची गोष्ट वेगळीच. 1810 मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं, पण लोकांची भाषा आणि कायदे तसेच ठेवायचं कबूल केलं. पुढे इंग्रजांच्याच अमलात आपल्याकडचे मराठी मजूर तिथे ऊसमळ्यांत कामाला गेले. त्यांची पतवंडं आज घरी फ्रेंचमधून निपजलेली क्रिओल बोलतात, पेपर फ्रेंचमध्ये वाचतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते.