भंगारातील वस्तू जोडून केलेली कलाकृती विस्कळीत दिसू नये, यासाठी काय करावे? गोंद कोणता वापरावा?

विस्कळीतपणा बहुधा वस्तू फार झाल्यामुळे नव्हे, तर प्रत्येक वस्तू आपला रंग आणि जुनी ओळख मिरवत राहिल्यामुळे येतो. अमेरिकी शिल्पकार लुईझ नेव्हल्सन यांनी यावर काढलेला तोडगा मला सर्वांत उपयोगी वाटतो. न्यूयॉर्कमध्ये लोकांनी टाकून दिलेले खुर्च्यांचे भाग, कोरीव पट्ट्या, फळ्यांचे तुकडे त्यांनी उघड्या खोक्यांत रचले, ती खोकी एकमेकांवर चढवून भिंत उभी केली आणि सगळ्याला एकच काळा रंग दिला. त्यामुळे नजर वस्तूंच्या मूळ उपयोगावरून हटून आकारांवर आणि सावल्यांवर स्थिरावते. त्यांचे १९५८ चे ‘स्काय कॅथीड्रल’ अवश्य पाहावे. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचे सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले, तिथे मात्र वस्तू ओळखू येण्यातच गंमत आहे. पण वस्तू दोनच होत्या, हे विसरू नये.

गोंदाविषयी सांगायचे तर फेविकॉलसारखा पांढरा गोंद लाकडात आणि पुठ्ठ्यात मुरतो म्हणून धरतो, पत्र्यावर किंवा काचेवर तो टिकत नाही. तिथे गंज आणि तेलकटपणा काढून, पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करून, दोन नळ्यांतले मिश्रण कालवून लावायचे अरल्डाइट वापरावे. वजनदार भाग नट-बोल्टने किंवा तारेनेच बांधावेत. काहीही चिकटवण्यापूर्वी मांडणीचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. गर्दी कुठे झाली आहे, ते त्यात लगेच दिसते.