वाचकांचे प्रश्न : मंगोल दख्खनपर्यंत का पोचले नाहीत?

प्रश्न : भुईकोट किल्ला बघताना विद्यार्थ्यांनी विचारलं, मंगोल आपल्याकडे का आले नाहीत? इथल्या हवेत त्यांची धनुष्यं निकामी व्हायची, हेच कारण ना?
– एक शिक्षक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : धनुष्याचं कारण उगाच फुगवलं गेलंय. मंगोल धनुष्य म्हणजे मधे लाकूड, आतून शिंगाची पट्टी, बाहेरून जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं. दमट हवेत सरस मऊ पडतो आणि थर सुटतात, हे खरं. पण दिल्लीचे तुर्क स्वारही असलीच धनुष्यं वापरत. पावसाळ्यात ती जपावी लागत, एवढंच.

खरी अडचण चाऱ्याची. दहा हजारांच्या तुमानात (मंगोल फौजेच्या तुकडीत) स्वारामागे चार घोडे धरले, तर ४०,००० घोडे होतात. लहान चणीच्या घोड्याला रोज सहा किलो सुका चारा धरा. दिवसाला २४० टन! हे घोडे गवताळ माळांवर चरून जगणारे. पंजाबच्या खाली, उन्हाळ्यात, एवढी कुरणं सलग मिळणार कुठे? १२२१ साली चंगीजखान सिंधू नदीपर्यंत आला, तिथूनच फिरला. नंतर मुलतानला वेढा घालणाऱ्या त्याच्या तुकडीनेही उन्हामुळे माघार घेतली.

तिसरं कारण म्हणजे अलाउद्दीन खलजीची दिल्ली. १२९९ साली दिल्लीजवळच्या किलीच्या लढाईत पळणाऱ्या मंगोलांचा पाठलाग करत अलाउद्दीनचा सेनापती जफरखान फार पुढे गेला, मुख्य फौजेपासून तुटला आणि मारला गेला. खोटी माघार हा मंगोलांचा जुनाच डाव. १३०३ साली मंगोल सरदार तरघीने दिल्ली वेढली, तेव्हा एक फौज वारंगळच्या मोहिमेवरून थकून परतत होती आणि सुलतान नुकताच चितोडहून आला होता. त्याने दिल्लीजवळ सिरीला खंदक खणून तळ ठोकला. सुमारे दोन महिन्यांनी तरघी निघून गेला. या धक्क्यानंतर मोठी रोख पगारी फौज उभी राहिली. स्वाराला वर्षाला २३४ टंके (चांदीची नाणी), घोड्याला डाग, म्हणजे हजेरीला तट्टू बदलून आणता येऊ नये. एवढ्या पगारात स्वाराचं भागावं म्हणून बाजारभाव बांधले. गहू मणाला साडेसात जितल (टंक्याहून बरंच लहान नाणं). (तो मण आजच्यापेक्षा बराच लहान.)

१३०६ नंतर मंगोलांचा जोर ओसरला आणि हीच फौज अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर याच्याबरोबर दक्षिणेत उतरली : देवगिरी, वारंगळ, द्वारसमुद्र. सोलापूरचा मुलूख तेव्हा देवगिरीच्या यादवांचा. म्हणून मुलांना सांगा, मंगोल इथे आले नाहीत, पण त्यांना अडवायला घडवलेली फौज आली.

प्रश्न : महंमद तुघलकाने तांब्याचं नाणं मंगोलांकडून उचललं का?
– एक वाचिका, होटगी रस्ता

उत्तर : कल्पना बहुधा तिथली : स्वस्त वस्तूला राजाच्या हुकमाने चांदीच्या नाण्याची किंमत द्यायची. चीनमधल्या मंगोलांच्या कुबलाईखानाने १२६० पासून कागदी चलन चालवलं. इराणच्या मंगोलांनी १२९४ साली तब्रीझमध्ये तेच करून पाहिलं, तर बाजारच बंद पडले आणि ते लगेच मागे घ्यावं लागलं. तुघलकाची तांब्याची नाणी घरोघर पाडता येत होती. खरं-खोटं ओळखायची सोयच नव्हती. शेवटी ती चांदी-सोन्याच्या बदल्यात खजिन्यात परत घ्यावी लागली.