वाचकांचे प्रश्न: लोकरीचे दोरे, मेंडेलचे वाटाणे आणि गोल होणारी जीभ

या वेळची बहुतेक पत्रं शिक्षकांची आहेत, एक पालकांचं आहे, आणि सगळी पेशीविभाजन आणि आनुवंशिकता याच दोन धड्यांभोवती फिरतायत. म्हणून ती एकत्रच घेतली.

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझी मुलं पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था घडाघडा म्हणतात, आकृत्या पण सुबक काढतात. पण सूत्री आणि अर्धसूत्री विभाजनात फरक काय विचारलं की "एकात दोन पेशी होतात, दुसऱ्यात चार" एवढंच उत्तर येतं. आणि आनुवंशिकतेचा धडा तर त्यांना पूर्ण वेगळा विषय वाटतो. काय करू?

अवस्थांची नावं थोडे दिवस बाजूला ठेवा. खरंच ठेवा. मुलांचं जिथे अडतं ती जागा नावांची नाही, मोजणीची आहे, त्यांना गुणसूत्रं (पेशीतले आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे) मोजता येत नाहीत.

मी काय करते सांगते. लोकरीचे दोरे घ्यायचे, लाल आणि निळे, आणि थोड्या सेफ्टी पिना. फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढायचं, ती आपली पेशी. तिच्यात चार दोरे ठेवायचे, एक लांब लाल, एक लांब निळा, एक आखूड लाल, एक आखूड निळा. लाल आईकडून आलेले, निळे वडिलांकडून. लांब लाल आणि लांब निळा ही एक जोडी, आखूड ही दुसरी. मग म्हणायचं, आता विभाजनाची तयारी, प्रत्येक दोऱ्याची हुबेहूब नक्कल करा, आणि मूळ दोरा नि त्याची नक्कल मध्यावर एका पिनेने अडकवा. आता विचारा गुणसूत्रं किती झाली. जवळजवळ सगळा वर्ग आठ म्हणतो! इथे थांबायचं, घाई करायची नाही. गुणसूत्रं अजून चारच आहेत, कारण आपण पिना मोजतो, दोरे नाही. पिन म्हणजे गुणसूत्रबिंदू, आणि एका पिनेत अडकलेले दोन दोरे म्हणजे एकाच गुणसूत्राची दोन क्रोमॅटिड. हे एकदा हाताला कळलं ना, की पुढचं फार सोपं जातं.

आता सूत्री विभाजन, म्हणजे शरीर वाढताना होतं ते. चारही पिना मधल्या रेषेवर एकामागे एक लावा, प्रत्येक पिन उघडा, एक दोरा इकडे एक तिकडे. दोन्हीकडे चार चार, आणि तेच चार. अर्धसूत्रीमध्ये, म्हणजे बीजपेशी बनताना होतं त्यात, पहिल्यांदा पिन उघडायचीच नाही. जोडीदार शेजारी शेजारी आणायचे, लांब लाल लांब निळ्याजवळ, आखूड लाल आखूड निळ्याजवळ, आणि जोडी फोडायची, पिना बंदच. दोन्हीकडे दोन दोन पिना गेल्या, म्हणजे संख्या इथेच निम्मी झाली. पिना उघडतात त्या दुसऱ्या फेरीत, आणि शेवटी चार पेशी, प्रत्येकीत दोन दोरे. पहिल्या वेळी काय सुटतं आणि दुसऱ्या वेळी काय सुटतं, फरक सगळा एवढ्यात आहे.

मग हाच खेळ लगेच परत खेळायला लावा, पण या वेळी मांडणी बदला. पहिल्या वेळी लांब लाल आणि आखूड लाल एकाच बाजूला गेले असतील तर आता लांब लालबरोबर आखूड निळा जाऊ दे. मुलं स्वतःच म्हणतात, अरे हे तर वेगळंच मिश्रण झालं. दोन जोड्या असतील तर चार प्रकारची युग्मकं (म्हणजे बीजपेशी), तीन जोड्यांना आठ. माणसात 23 जोड्या, मग दोनाला दोनाने गुणत जायला सांगा, 83,88,608 वर जाऊन थांबतात. आणि हे जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल न धरता. (ती दाखवायची तर लाल आणि निळ्या दोऱ्याची टोकं कापून एकमेकांना गाठ मारा, पण पहिल्या दिवशी नको.)

आणि दुसरा धडा इथूनच सुरू होतो. लाल दोऱ्यावर कागदाची चिठ्ठी लावा, त्यावर G लिहा (गोल वाटाण्याचं जनुक), निळ्यावर g (सुरकुतलेल्याचं), आणि विचारा, एका युग्मकात दोन्ही चिठ्ठ्या जातील का? नाही जाणार, त्यांनी आत्ताच हाताने जोडी फोडली आहे. वाटाण्याची झाडं वाढवून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा हाच पहिला नियम, जोडीतलं एकच युग्मकात जातं. मेंडेलने वाटाण्याचं काम 1866 मध्ये छापलं तेव्हा त्याला गुणसूत्रं माहीतच नव्हती, फ्लेमिंगने सॅलमँडरच्या पेशीतले ते धागे बघून विभाजनाचं सविस्तर वर्णन केलं ते 1882 मध्ये, आणि हे दोन्ही जोडले गेले ते 1902-03 च्या सुमाराला सटन आणि बोव्हेरीमुळे. म्हणजे जे दोन धडे आपण वेगवेगळ्या महिन्यात शिकवतो ते एकच आहेत हे लक्षात यायला शास्त्रज्ञांनाही 36-37 वर्षं लागली. पण आपल्या मुलांना ते एका तासात दिसू शकतं, मग वेगळे कशाला शिकवायचे.

प्रश्न: दोन्ही पालक Gg असले की चौकट मांडून 3:1 (तीन गोल, एक सुरकुतलेला) येतं ते मुलांना पटतं, पण एक विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे चार मुलं झाली तर तिघं तशी आणि एक असं होणारच ना?" मी नाही म्हणालो पण नीट समजावता आलं नाही.

सर, नाणी द्या. दोघा दोघांच्या जोड्या करा, प्रत्येकाकडे एक नाणं, छापा म्हणजे G आणि काटा म्हणजे g. दोघांनी एकदमच उडवायचं, एक जरी छापा आला तरी वाटाणा गोल, दोन्ही काटे आले तरच सुरकुतलेला. चार वेळा उडवून प्रत्येक जोडीने आपला आकडा फळ्यावर लिहायचा. बरोब्बर 3:1 येण्याची शक्यता साधारण 42 टक्केच आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त जोड्यांचं "चुकलेलं" असेल, आणि चारही गोल येणं तर 32 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ते पण काही दुर्मिळ नाही. मुलं आधी गोंधळतात, काही तर हळूच आकडा बदलतात, ते बदलू देऊ नका. मग सगळ्या वर्गाची बेरीज करा आणि बघा ती कशी 3:1 च्या जवळ सरकते.

मग मेंडेलचे आकडे लिहा. 5474 गोल, 1850 सुरकुतलेले, भागाकार 2.96. पुस्तकात इथवर असतं. पण त्याने एकेका झाडाचे आकडे पण दिलेत, एका झाडावर 43 गोल आणि फक्त 2 सुरकुतलेले, दुसऱ्या एकावर 14 गोल आणि 15 सुरकुतलेले! त्या दुसऱ्या झाडाजवळच कोणी थांबलं असतं तर 1:1 चा नियम सांगून मोकळं झालं असतं. तुमच्या विद्यार्थ्याला हे झाड दाखवा. आणि त्याला हेही सांगा की नाण्याला मागचं काही आठवत नाही, पहिले तिघं कसेही असोत, चौथ्याच्या वेळी शक्यता परत तीच, चारात एक.

प्रश्न: प्रभावी म्हणजे ताकदवान जनुक, ते दुसऱ्याला दाबतं, असं मी सांगते. बरोबर आहे ना?

नका सांगू. प्रभावी म्हणजे जनुकाची एकच प्रत असली तरी दिसणारा गुण, अप्रभावी म्हणजे दोन्ही प्रती तशाच असल्या तरच दिसणारा, एवढंच. "प्रभावी" हा शब्दच असा आहे की मुलं भांडणाचं चित्र डोळ्यासमोर आणतात आणि मग पुढे त्यांना वाटतं की प्रभावी गुण हळूहळू सगळीकडे पसरणार आणि अप्रभावी संपणार. तसं काही होत नाही. हाताला सहा बोटं असण्याचे काही प्रकार प्रभावी आहेत, तरी क्वचितच दिसतात. O रक्तगट अप्रभावी आहे आणि जगात सगळ्यात जास्त लोकांचा तोच.

वाटाण्याचंच बघा ना. गोल वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक एन्झाइम तयार होतं. सुरकुतलेल्यात त्या जनुकात डीएनएचा साधारण 800 अक्षरांचा एक तुकडा मध्येच घुसलेला असतो, हे 1990 मध्ये कळलं, त्यामुळे ते एन्झाइम नीट बनतच नाही. मग स्टार्च कमी आणि साखर जास्त, साखर जास्त म्हणून कोवळा दाणा पाणी जास्त ओढून घेतो, फुगतो, आणि वाळताना तेवढाच आकसतो, सालीला सुरकुत्या. ज्या झाडाला एक चांगली प्रत आणि एक बिघडलेली मिळाली त्याचं एका चांगल्या प्रतीवर भागतं, दाणा गोलच. कोणी कोणाला दाबलं नाही. आणि गंमत म्हणजे अशा संकरित दाण्यातले स्टार्चचे कण मायक्रोस्कोपखाली बघितले तर ते धड गोल वाटाण्यासारखे नाहीत धड सुरकुतलेल्यासारखे नाहीत, मधले. म्हणजे प्रभावी की अप्रभावी हे तुम्ही काय बघताय त्यावरसुद्धा ठरतं. "एका प्रतीवर भागलं तर प्रभावी" एवढं वाक्य वर्गात पुरतं.

प्रश्न: ताई, माझ्या मुलाला शाळेत गृहपाठ होता, घरात कोणाची जीभ गोल होते, कोणाच्या कानाची पाळी चिकटलेली आहे ते लिहायचं. आमच्या दोघांची जीभ गोल होत नाही, त्याची होते. तो रात्री येऊन विचारतो, "आई, मी तुमचाच आहे ना?" मला हसू पण आलं आणि पोटात पण गोळा आला. यात काही अर्थ असतो का हो?

काहीही अर्थ नसतो, आधी त्याला जवळ घेऊन हे सांगा.

जीभ गोल होणं हा एका जनुकाचा गुण आहे असं 1940 मध्ये स्टर्टेव्हंट नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने सुचवलं होतं. पण 1952 मध्ये हुबेहूब जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या तर 7 जोड्यांत एकाची जीभ गोल होत होती आणि दुसऱ्याची नाही. जुळी भावंडं, जनुकं तीच, तरी फरक! पुढे स्टर्टेव्हंटने स्वतःच आपलं म्हणणं सोडून दिलं. पुस्तकांनी मात्र सोडलं नाही. कानाच्या पाळीमागे तर कित्येक जनुकं आहेत आणि पाळ्यांचे दोनच प्रकार नसतातच, मधले सगळे असतात. डोळ्यांच्या रंगाचं पण तेच, दोघा निळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना तपकिरी डोळ्यांचं मूल होऊ शकतं.

शिक्षकांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. मी पण बरीच वर्षं हा प्रयोग वर्गात घेतला, मुलांना मजा येते, तास छान जातो. पण वर्गात दत्तक मूल असतं, कोणाचे वडील घरात नसतात, कोणाला सावत्र आई असते, आणि त्या मुलाच्या हातात आपण एक चुकीचा नियम देऊन त्याला घरी पाठवतो की जा, तपासून ये. एका मुलीने तो तक्ता कोराच आणून दिला होता आणि मान वर करून बघितलं पण नाही, त्या दिवसानंतर मी हा गृहपाठ कधी दिला नाही. रक्तगट शिकवा, ABO खरंच एका जनुकाचं छान उदाहरण आहे, A आणि B दोन्ही सोबत दिसतात हे पण त्यात येतं, पण काल्पनिक कुटुंब घेऊन शिकवा, मुलांच्या घरचे गट फळ्यावर नकोत. तिथेही अपवाद आहेत, 1952 मध्ये सापडलेल्या बॉम्बे रक्तगटात साध्या तपासणीत O दिसणाऱ्या माणसाचं मूल A किंवा B गटाचं निघू शकतं. मोजायला काही हवंच असेल तर जांभळ्या आणि पिवळ्या दाण्यांचं संकरित मक्याचं कणीस आणा, दाणे मोजत बसतात मुलं, आणि कोणाचं मन दुखावत नाही.

प्रश्न: कांद्याच्या मुळाची स्लाइड करतो पण विभाजन दिसतच नाही, नुसते ठिपके असलेल्या चौकोनी पेशी. कुठे चुकतंय?

बहुतेक मूळ जास्त लांब कापताय. विभाजन चालतं ते टोकाच्या एखाद दोन मिलिमीटरमध्येच, त्याच्या वर पेशी फक्त लांब होत असतात. रंग चढल्यावर जो भाग सगळ्यात गडद दिसतो तेवढाच ठेवा, बाकीचं काढून टाका. दुसरं, आम्लात मूळ मऊ होऊ द्या, नाहीतर पेशी एकमेकींवर चढून बसतात, आणि कव्हरस्लिपवर अंगठा सरळ दाबा, घासू नका, घासलं की गेलं. आणि चांगल्या स्लाइडमध्ये सुद्धा बहुतेक पेशी विभाजन न होणाऱ्याच असतात, ते मुलांना आधीच सांगा नाहीतर ती स्लाइड खराब म्हणून टाकून देतात. उलट शंभर पेशी मोजायला लावा, कुठल्या अवस्थेत किती, कारण जी अवस्था जास्त वेळ चालते तिच्यातल्या पेशी जास्त सापडतात. कांद्यात गुणसूत्रं 16 असतात, एखादी मध्यावस्थेतली पेशी नीट पसरली असेल तर सोळाच्या सोळा मोजता येतात, आणि मोजताना मुलांना विचारा, दोरे मोजताय की पिना?