वाचक विचारतात: गौताळ्याला जाताना

प्रश्न : आई आणि दोन लहान मुलांना घेऊन एका दिवसात गौताळा अभयारण्य बघायचंय. श्रावणात गेलेलं चालेल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चालेल, पण वार बघून निघा. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी, सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराची, आणि गौताळ्याला जायचा नेहमीचा कन्नडचा रस्ता या दोन्ही गावांवरून जातो. त्यात दौलताबादच्या जुन्या दरवाजात एखादी बस अडकली की मागे रांग लागलीच. आठवड्याच्या मधला वार धरून सकाळी सहाला घर सोडा. कन्नड साधारण ६० किलोमीटर. पेट्रोल, पाणी, डबा यांची सोय तिथेच करून घ्या, पुढे जंगलात दुकान शोधत बसू नका. माणशी दोन लिटर पाणी धरा.

आमचं विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध जास्त बरा. ओढे वाहते असतात आणि पावसाची झोड ओसरलेली असते. हे पानझडीचं रान आहे. होळीनंतर नुसत्या काड्या दिसतात. दिवाळीच्या सुमारास गेलात तर कुसळी गवत पिकलेलं असतं. कुसळाच्या शेपटीला ओल लागली की ती पीळ सोडते आणि टोक कापडातून आत शिरतं. लोकरी किंवा जाळीदार मोजे नकोत, घट्ट विणीची पँट घाला.

पितळखोऱ्याची लेणी त्याच दिवशी करायचा मोह आवरा. लेणी दरीत आहेत. उतरताना काही वाटत नाही, परत चढताना आईंचे गुडघे बोलतील. शिवाय कड्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा तिन्ही टाळा.

प्रश्न : धबधब्याखाली मुलांनी भिजलं तर चालतं का?
– एक वाचक, जालना

उत्तर : कडेच्या उथळ पाण्यात पाय बुडवू द्या. पडत्या धारेखाली आणि कुंडात नको. काळ्या दगडावरचं शेवाळ चपलेला धरू देत नाही, आणि धारेबरोबर वरून दगडही येतात. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर पाऊस झालेला असू शकतो. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की सामान तिथंच टाकून उंचावर चढा. चपला आणायला परत फिरू नका.

प्रश्न : वाघ दिसतो का हो?
– एक वाचक, सिल्लोड

उत्तर : २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरचा एक वाघ चालत इथवर आला होता, म्हणून ही चर्चा. त्या आशेवर जाऊ नका. बिबट्या आहे, अस्वलही आहे. दोन्ही तुम्हाला आधी बघतात. नीलगाय दिसू शकते. नजर खाली ठेवा, ओढ्याकाठच्या ओल्या मातीत ठसे सापडतील. नखं उमटलेली असतील तर बहुधा कुत्रं किंवा तरस. मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात.