दोन पगारांचे घर आणि कर्जाची जोखीम

घरात दोन पगार येत असल्यामुळे जोखीम निम्मी झाली, तेव्हा दोन्ही पगारांच्या भरवशावर घरासाठी मोठे कर्ज काढायला काय हरकत आहे, असे आपण विचारले आहे. आपण दोघेही एकाच क्षेत्रात नोकरी करता, हे आपण ओघात लिहून गेलात. मला मात्र तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

लग्न हा एक प्रकारचा घरगुती विमा आहे, ही कल्पना अर्थशास्त्राला नवी नाही. रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातील कोरडवाहू गावांचा अभ्यास करून १९८९ साली असे दाखवले, की लांबच्या गावांशी सोयरीक जोडल्याने कुटुंबाच्या खाण्यापिण्याच्या खर्चातले चढउतार कमी होतात, कारण दोन्ही ठिकाणी पाऊस एकाच वेळी दगा देत नाही. आपले दोन्ही पगार मात्र एकाच पावसावर अवलंबून आहेत.

थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, वर्षभरात प्रत्येकाची नोकरी जाण्याची शक्यता ५ टक्के आहे आणि दोन्ही नोकऱ्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मग दोन्ही नोकऱ्या त्याच वर्षी जाण्याची शक्यता अवघी ०.२५ टक्के उरते, पण निदान एक तरी जाण्याची शक्यता ९.७५ टक्के होते, म्हणजे एकट्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट. हप्ता एका पगारात भागत असेल तर पहिला आकडा आपल्याला लागू पडतो. त्यासाठी दोन्ही पगार लागत असतील तर दुसरा. शिवाय क्षेत्र एकच असल्यामुळे मंदीत दोघांवर एकदमच गदा येऊ शकते आणि तो दिलासा देणारा ०.२५ टक्क्यांचा आकडा ५ टक्क्यांच्या दिशेने सरकू लागतो.

नोकरी गेली नाही तरी मूल झाल्यावर किंवा आईवडिलांच्या आजारपणात एकाला काही काळ घरी राहावे लागते, हेही धरून चाला. म्हणून दोहोंपैकी कमी असलेल्या पगारात हप्ता आणि न टळणारा घरखर्च भागेल, एवढेच कर्ज घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. दुसरा पगार आधी गंगाजळीत आणि मग मुदतपूर्व परतफेडीत जाऊ द्या.

सहकर्जदार म्हणून सही करताना करार नीट वाचावा. अशा कर्जात बहुधा प्रत्येकजण निम्म्या नव्हे, तर संपूर्ण रकमेला बांधील असतो आणि पुढे दुर्दैवाने वेगळे व्हावे लागले, तरी बँकेच्या लेखी ही बांधिलकी आपोआप संपत नाही.