ओंडक्यावरची अळंबी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परड्यातल्या जुन्या फणसाच्या बुंध्याला घोड्याच्या खुरासारखी कठीण, काळपट अळंबी आली आहे. गावात फणसांबा म्हणतात. तोडून टाकली तर झाड वाचेल का? सोबत फोटो. (सावंतवाडी)

उत्तर : फोटो वरून काढलाय, आणि ही अळंबी ओळखायची ती खालून. फणसांबा म्हणजे फेलिनस ही बुरशी. त्याची खालची बाजू गंजासारखी पिवळट-तपकिरी आणि छिद्रं इतकी बारीक, की भिंगाशिवाय दिसणं कठीण. तिच्याशी गल्लत होऊ शकते अशी दुसरी अळंबी म्हणजे गॅनोडर्मा; तो ताजा असताना खालून पांढरा असतो. नखाने ओरखडलं की तपकिरी रेघ उठते. शिवाय त्याच्या पाठीवर आणि आजूबाजूच्या पानांवर कोकोच्या भुकटीसारखी बीजाणूंची धूळ साचते. कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) १० टक्के द्रावणाच्या थेंबाने फेलिनसचा गर काळा पडतो, पण तेवढ्यावर नाव ठरवू नका. गॅनोडर्माचा गरही त्याने गडद होतो.

तोडून काही साधत नाही. बाहेर दिसतं ते बुरशीचं फळ, जाळं लाकडात पसरलेलं असतं. फेलिनस बहुधा गाभा खातो. सालीलगतचं जिवंत लाकूड शाबूत असेतो पोकळ झाडही फणस धरतं. लाकडी हातोडीने वीत-वीत अंतरावर बुंधा ठोकत जा, पोकळीपाशी आवाज बदलतो. जमिनीलगत गॅनोडर्मा निघाला आणि झाड घराकडे कललेलं असेल, तर मात्र पावसाआधी जाणकाराला दाखवा. मुळं कुजलेलं झाड हिरवंगार असतानाच आडवं होतं.

प्रश्न : आंबोलीत एक पडका ओंडका पांढरट, दोऱ्यांसारखा सुटणारा दिसला. आत नकाशासारख्या काळ्या रेघा होत्या. वाळवी का? (कोल्हापूर)

उत्तर : वाळवी नव्हे. त्या रेघा म्हणजे बांध: एकाच लाकडात दोन बुरशा भिडल्या की आपापली हद्द अशी आखून घेतात. एका ओंडक्यात किती बिऱ्हाडं आहेत, याचा अंदाज आडव्या कापावर येतो. तुमचा ओंडका पांढऱ्या कुजेचा. ही कूज लिग्निनसुद्धा (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) पचवते, म्हणून उरतात ते फिकट तंतू. तपकिरी कुजेत सेल्युलोज (लाकडातल्या तंतूंचं द्रव्य) जातं, लिग्निन बरंचसं मागे राहतं. लाकूड आक्रसून चौकोनी भेगा पडतात आणि चिमटीत भुकटी होते. सह्याद्रीतल्या रुंद पानांच्या झाडांवर पांढरीच फार. तपकिरी पाहायची तर हिमालयातलं देवदार-चीडचं रान.

अळंबीची नोंद करताना लाकडाची जाडी आणि ऊन-सावली जरूर लिहा. वाळक्या बारीक फांदीवर हेक्सागोनिया (पोळ्यासारखी षटकोनी छिद्रं) सापडेल, उन्हातल्या ओंडक्यावर शेंदरी पिक्नोपोरस, ओल्या सावलीत कानासारखी लिबलिबीत ऑरिक्युलेरिया. फक्त मोठे ओंडके तपासणाऱ्याची यादी निम्मीच राहते.

प्रश्न : आणलेले नमुने आठवड्यात बुरसटतात, नाहीतर भुगा होतात. (पुणे)

उत्तर : प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. कागदी पाकिटात आणा. आधी छिद्रांची बाजू खाली करून अर्ध्या काळ्या-अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाडगा झाका. १२ ते २४ तासांत बीजाणूंचा रंग उमटतो (वाळून कोळ झालेल्या नमुन्याकडून अपेक्षा नको). मग ४० ते ५० अंशांवर आतपर्यंत कडक वाळवा. भुगा करणारे बारीक भुंगेरे आतच असतात, म्हणून हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा.