सरकारने सोशल मीडियावर नियंत्रण ठेवणं म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्याची गळचेपी आहे का?

मी धुळे जिल्ह्यातला. २०१८ साली कुणी मला हे विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, कसली गळचेपी, बंदच करा सगळं.

साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवत असेल. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्या दिवसांत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही एक क्लिप आली होती: मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात. खाली आत्याने लिहिलेलं, 'पोरेसले बाहेर सोडू नका.' ती क्लिप मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतली. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. नेमका तेवढा तुकडा कुणीतरी कापला होता. मी ती पुढे पाठवली नाही, पण आत्याला काही बोललोही नाही.

मग माझ्या एका वकील मित्राने विचारलं, बंद काय करायचं ते ठरवणार कोण? आणि त्याने पालघर काढलं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्याला लाइक केलं. दोघींना अटक! लावलेल्या कलमांत आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं ६६ए होतं. मजकुराने कुणाला त्रास किंवा गैरसोय झाली तरी त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. आता त्रास मोजायचा कशाने? ज्याच्या मागे माणसं जास्त, त्याला त्रास जास्त, एवढाच त्याचा अर्थ उरला. सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात हे कलम रद्द केलं. तरी ठिकठिकाणचे पोलीस ते लावतच राहिले, आणि २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं.

२०२३ मध्ये तर केंद्राने नियमच केला, की केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची कुठली माहिती खोटी हे सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवेल. आपला पेपर आपणच तपासायचा. विनोदी कलाकार कुणाल कामरा वगैरे मंडळी मुंबई हायकोर्टात गेली. दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, आणि तिसरे न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला.

म्हणून सरकारला काहीच अधिकार नको, असं मी म्हणत नाही. त्याच आयटी कायद्यातलं मजकूर ब्लॉक करायचं कलम ६९ए सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कायम ठेवलं, कारण त्यात देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं ठरलेली आहेत आणि आदेशाचं कारण लेखी द्यावं लागतं. खटकतं ते पुढचं: ब्लॉकिंगच्या नियमांतल्या नियम १६ प्रमाणे हे सगळं गोपनीय. ज्याची पोस्ट उडाली त्याच्या हातात कागदच नाही, तर तो कोर्टात काय घेऊन जाणार? त्यात आता कलम ७९ (सरकारने सांगूनही मजकूर काढला नाही तर कंपनीचं कायदेशीर संरक्षण जातं) आणि 'सहयोग' या सरकारी पोर्टलवरून कंपन्यांना मजकूर काढण्याच्या थेट नोटिसा जातात, तिथे ६९ए इतकीही चाळण नाही. एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने त्याला आव्हान दिलं, ते कर्नाटक हायकोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. मला तो निकाल पटलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच: आदेश काढा, पण त्याची प्रत लिहिणाऱ्याला द्या.

आणि अफवांचं म्हणाल, तर राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. कुणाचं तोंड बंद करावं लागलं नाही. बाकीचं काम घरातलं. आत्या हल्ली काही आलं की आधी मला फोन करते. परवा 'आपल्या शिवारात बिबट्या' म्हणून क्लिप आली होती. मी म्हटलं, आत्या, मागच्या दुकानाची पाटी बघ की, कानडी आहे.